विहिरीच्या देवळीतली रास्ना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे उपाध्यक्ष माननीय अप्पारावजी, प्राचार्य जगन्नाथराव अंबेकर साहेब, व्यासपीठावरील संस्थेचे सन्माननीय सदस्य, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख प्राध्यापक भालचंद्र सेलूकर सर, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी शरयूकाकू, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि सभागृहाच्या अगदी मागे, दाराजवळच्या बाकावर बसलेले तातेरावबापू आणि चांगुणाकाकी.

बापू, काकी, तुमचं नाव शेवटी घेतलं ते मान कमी म्हणून नाही. माझं आजचं बोलणं मुळात तुमच्याकडे तोंड करून आहे, म्हणून. तुम्हाला पुढे बसा म्हटलं तर तुम्ही ऐकलं नाहीत. निदान आवाज तरी मागेपर्यंत पोचावा असा प्रयत्न करते.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'सहकाऱ्यांच्या वतीने मनोगत' असं छापलं आहे. मी या विभागात प्रात्यक्षिकं घेते. त्याआधी इथेच सरांची विद्यार्थिनी होते. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. माझे वडील साहेबराव दुसऱ्याच्या रानात राबतात, आणि आजही मला भेटायला आले की कॉलेजच्या फाटकाबाहेर चपला काढतात. कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत. अशा घरातून आलेल्या मुलीने सरांबद्दल काय बोलावं? सरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला शिकवलं, एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं. ते म्हणायचे, "दिसतं ते काढ. दिसावंसं वाटतं ते काढू नकोस." माझ्या कितीतरी आकृत्या त्यांनी या एका वाक्यावर परत केल्या आहेत.

सरांच्या सेवेचा आढावा प्राचार्य साहेबांनी घेतलाच आहे. मीही एक गौरवपर भाषण लिहून ठेवलं होतं. ते फाडावं लागलं. गेल्या आठवड्यात सरांनी मला बोलावलं आणि विचारलं, "बेबीनंदा, तू बोलणार आहेस ना?"

म्हटलं, "हो सर."

"माझं कौतुक करू नकोस. त्याला माणसं आहेत. तू शिवकन्येचं सांग. सगळं सांग. माझं जे आहे तेही सांग."

"सर, निरोपाच्या कार्यक्रमात?"

"मग कधी? उद्यापासून माझं ऐकायला इथे कोण जमणार आहे?"

तेव्हा अध्यक्ष महाराज, मी आता जे सांगणार आहे ते उत्सवमूर्तींच्या आज्ञेने सांगते आहे. कुणाला ते समारंभाला शोभणारं वाटलं नाही, तर रोष माझ्यावर असावा.

टेबलावर हारांच्या शेजारी चंचुपात्रात एक फुलांचा तुरा ठेवलेला तुम्हाला दिसत असेल. फिक्या निळ्या रंगाची, चौकटी-चौकटीची फुलं. सजावटीसाठी जालन्याच्या बाजारातून आणली असावीत असं आमच्या एका प्राध्यापकांना मघाशी वाटलं. बाजारातली नाहीत ती. आज पहाटे तातेरावबापूंनी ती स्वतः कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि एस.टी.त मांडीवर धरून इथवर आणली. हे ऑर्किड आहे, आणि संकरित आहे. आपल्याकडे हायब्रीड म्हटलं की ज्वारी आठवते, आणि लगेच भाकरीच्या चवीवर भांडण सुरू होतं. पण हे फूल कुणाचं, त्याचे आईबाप कोण, हे ठरवायला सरांना आणि मला एक वर्ष लागलं. आणि त्या उत्तरावर एका मेलेल्या मुलीची अब्रू अवलंबून होती.

शिवकन्या तातेराव, बापू-काकींची मुलगी. जुन्या प्राध्यापकांना ती आठवत असेल. दुष्काळाच्या वर्षी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्गात होती. आम्ही एकाच गावच्या, केदारखेड्याहून आत जावं लागतं. ती गावातली, मी बौद्धवाड्यातली. मॅट्रिकच्या वर्षी फुलाचा उभा छेद कसा काढायचा हे मला शाळेच्या ओट्यावर बसून तिने शिकवलं. मी रेघ गिरवत बसले की म्हणायची, "अगं, एकदाच काढ. पन बघून काढ." हे ती कुणाकडून शिकली होती ते मला इथे आल्यावर समजलं.

आपल्या भागात रास्ना सगळ्यांना माहीत आहे. आंब्यावर, बाभळीवर वाढते. लोक तिला बांडगूळ समजतात. पण ती झाडाचं काही खात नाही, नुसती धरून राहते. म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांना तिची मुळी वाटून लावतात. ती ऑर्किडच आहे हे मात्र गावात कुणाला ठाऊक नसतं. शिवकन्येने इथे येऊन ते वाचलं. घरच्या शेतातल्या आंब्यावरची रास्ना तिने सरांना आणून दिली आणि म्हणाली, "सर, हिचं तुमच्या निळ्या व्हँडाशी लगीन लावलं तं?"

सरांची निळी व्हँडा म्हणजे विभागाचा अभिमान होता. खासी टेकड्यांमधून आणलेलं निळ्या ऑर्किडचं एकच झाड, आपल्या काचघरात. सर हसले. अडचण अशी होती, की निळी व्हँडा फुलते दिवाळीच्या आसपास आणि रास्ना फुलते उन्हाळ्यात. नवरीच्या वेळी नवरा नाही आणि नवऱ्याच्या वेळी नवरी नाही. शिवकन्येने निळीच्या परागाच्या पिवळ्या गोळ्या एका छोट्या नळीत, कोरड्या चुन्यावर, बूच घट्ट लावून उन्हाळ्यापर्यंत जपल्या. रास्ना फुलल्यावर बाभळीच्या काट्याने त्या उचलून तिच्या फुलात ठेवल्या. शेंग धरली. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, मातीत रुजत नाही. त्याला बाटलीत, निर्जंतुक खळीवर वाढवावं लागतं. आपल्याकडे तेव्हा त्याची साधनं नव्हती. बाटल्या वाफेवर निर्जंतुक करायला शरयूकाकूंचा कुकर कॉलेजात आला, आणि काकू आठवडेच्या आठवडे पातेल्यात वरण शिजवत होत्या. काकू, तुम्ही हसलात. बरं वाटलं.

बाटल्यांतून रोपं बाहेर काढली तोवर दुष्काळाचं दुसरं साल लागलं होतं. काचघराला पाणी कुठून आणणार? मुलं रोजगार हमीवर खडी फोडत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेज बंद होताना सरांनी शिवकन्येला एका तेलाच्या डब्यात कोळसा आणि विटांचे तुकडे घालून थोडी रोपं बांधून दिली. म्हणाले, "इथे ही मरतील. तू घेऊन जा. ऊन नको, ओल हवी, गारवा हवा." डबा तिने पिशवीत घालून गावी नेला.

वैशाखात एका दुपारी शिवकन्या विहिरीत गेली. तातेरावबापूंच्या शेतातल्या विहिरीत. तळाशी थोडंसं पाणी होतं आणि बाकी खडक.

गावाने काय म्हटलं ते मी इथे सांगते, कारण ते सहा वर्षं सगळ्यांनी सांगितलं आहे. घरी सकाळीच टँकरचं पाणी आलं होतं. रांजण भरलेला होता. घागर, दोरी, दोन्ही घरातच होती. मग भर दुपारी ही पोरगी रिकाम्या हाताने विहिरीवर कशाला गेली? गावाने उत्तर शोधलं: जीव द्यायला गेली. का? कॉलेजात शिकत होती. यापुढचं सांगायची गरज कुणाला वाटली नाही. 'कॉलेजात गेली म्हणून विहिरीत गेली', ही आमच्या गावात म्हण झाली. तिचा निकाल पुढच्या महिन्यात लागला. पहिल्या वर्गात पास झाली होती. तो सांगायला बापूंच्या घरी कुणी गेलं नाही.

त्याच महिन्यात मी मॅट्रिक झाले होते. गावातल्या दोघींची नावं घरच्यांनी त्या वर्षी शाळेतून काढली. आमच्या घरातही बसून बोलणं झालं. माझा चुलता वडिलांना म्हणाला, "पाटलाच्या घरची पोर टिकली न्हाई, तुझी टिकल का?" वडील म्हणाले, "न्हाई टिकली तं माझी गेली. तुझं काय गेलं?" मी आले. पण दर सुट्टीत एस.टी.तून उतरले की ओट्यावरचे लोक मला ज्या नजरेने बघायचे, ती नजर शिवकन्येसाठी होती हे मला कळत होतं.

आता सरांचं. त्यांनी सांगायला सांगितलं आहे.

तिच्या मृत्यूची बातमी ऐकून सर आमच्या गावाला यायला निघाले. केदारखेड्याला उतरले. पुढची गाडी यायची होती म्हणून चहाच्या टपरीवर बसले. तिथे दोन माणसं बोलत होती, "कालेजातल्या कोन्या मास्तरानं नादाला लावली म्हनं." सरांनी चहा अर्धा ठेवला आणि उलट येणाऱ्या गाडीत बसून जालन्याला परतले. डबा आपणच दिला होता हे त्यांनी नंतर कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, मास्तर मुलीला वस्तू देत होता. नोकरी जाईल, नाव जाईल, असं त्यांना वाटलं. दुष्काळ संपल्यावर पाणी आलं. पण सरांनी काचघरात पुन्हा एकही ऑर्किड लावलं नाही. मोडके बाक तिथे ठेवले जाऊ लागले, ते आजही तिथेच आहेत. आम्ही विद्यार्थी म्हणायचो, सरांना ऑर्किडचा कंटाळा आला.

मी हे सगळं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सरांचा राग आला. तो पूर्ण गेला आहे असं मी इथे म्हणणार नाही. सर, तुम्हीच शिकवलंत, दिसतं ते काढ.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याच्या सुट्टीत माझी आई सरपणाला गेली होती. येऊन म्हणाली, "तातेरावाच्या विहिरीवरल्या बाभळीला निळं फूल आलंय गं, बाभळीला." मी गेले. तिच्या मृत्यूनंतर त्या विहिरीचा एकदा गाळ काढला, तेवढंच; एरवी तिकडे कुणी फिरकत नाही. म्हणून तर बाभूळही कुणी तोडली नव्हती. फांदीला चिंधीने बांधलेली रास्नेसारखी जुडी होती आणि तिला तुरा आला होता. फूल रास्नेपेक्षा मोठं, निळसर. मी खाली उभी राहून बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कोन गं?"

"मी बेबीनंदा. साहेबरावांची."

"कालेजातली? मंग हितं काय करून राह्यली?" बापूंचा आवाज मऊ नव्हता.

"बापू, हे फूल..."

"रास्ना हाय ती. रखमाजीनं बांधल्ती. गाळ काढायला आल्ता तव्हा."

"रास्ना उन्हाळ्यात फुलते बापू. आता दसरा आहे."

"फुलली आसंल. झाडाला काय पंचांग वाचता येतं?"

बापू तसं बोलले, पण एक फूल तोडायला त्यांनी मला नाही म्हटलं नाही.

मी रखमाजीकाकांकडे गेले. विहिरींचा गाळ काढणारे ते. ती रास्ना गाळ काढताना निघाली का, असं विचारलं. म्हणाले, "निघाली व्हय विहिरीतून. देवळी हाय ना भिताडात, तिच्यात डबा व्हता. रोपं मेल्ती सारी, येक तग धरून व्हतं. डबा घरी नेला, म्हटलं पीठ ठिवायला होईल. रास्ना फेकत न्हाईत, पोरी. दुखन्याची मुळी हाय. झाडाला बांधावी, जगली तं जगली."

"काका, मग तेव्हा कुणाला सांगितलं का नाही?"

"ज्या विहिरीत पोर गेली तिथला डबा घरात आनला, हे कोन सांगल? बायकोनं मला डब्यासकट भायेर काढलं आसतं."

श्रोतेहो, रास्ना फेकायची नाही, झाडाला बांधायची, हा आपल्याकडचा रिवाज. तो नसता, तर माझ्याकडे आज सांगायला काही नसतं. आणि गंमत बघा, रखमाजीकाकांना ती साधी रास्नाच वाटली. बापूंना वाटली. सगळ्या गावाला वाटली. ती साधी रास्ना असती तर? तर ती कुणीही कुठूनही आणून देवळीत ठेवली असती. औषधाची मुळी गारव्याला ठेवतातच. पण ती संकरित असेल, तिच्यात निळी व्हँडा असेल, तर तो डबा फक्त एकाच मुलीने तिथे ठेवला होता. निळी व्हँडा सगळ्या मुलखात एकच होती, आणि तिचा पराग एकाच मुलीने चुन्यावर जपला होता.

मी ते फूल ओल्या फडक्यात घेऊन सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी भिंग घेतलं. मग विचारलं, "कुठे मिळालं?" मी सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. त्या दिवशी त्यांनी मला केदारखेड्याची गोष्ट सांगितली.

मी म्हटलं, "सर, मग उद्याच जाऊन बापूंना सांगू या."

"काय सांगणार? रास्नेच्या रंगांत फरक असतात. निळसरही सापडते."

"पण सर, ही तीच आहे! दिसतंय ना."

"तुला हवं आहे म्हणून ती ती होत नाही. मला तर तुझ्यापेक्षा जास्त हवं आहे. म्हणून माझ्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नकोस." मग म्हणाले, "त्या माणसाची मुलगी गेली आहे. त्याला आपण आपल्या सोयीचं सांत्वन द्यायचं नाही. खात्री झाली तर सांगायचं. नाही झाली तर नाही सांगायचं, आणि मी ते घेऊन मरायचं."

सरांनी दुसऱ्या गावच्या एका जाणकारांना पत्र लिहिलं. त्यांचंही उत्तर तेच आलं: बहुधा रास्नेचाच प्रकार असावा, वाया वेळ घालवू नये. आमची मूळची रास्ना, आई म्हणा तिला, आणि निळी व्हँडा, दोघी दुष्काळात काचघरात मेल्या होत्या. बापूंच्या शेतातला आंबा दुष्काळात चाऱ्यासाठी छाटून छाटून वाळला होता. निळीचं एक फूल विभागाच्या संग्रहात बाटलीत होतं. पण औषधात रंग टिकत नाही, नुसता आकार राहतो. पुढच्या उन्हाळ्यात मी जांब समर्थला गेले. तिथे देवळाच्या वाटेवर एका जुन्या आंब्यावर रास्ना फुलली होती. झाडाखाली बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "गुडघे दुखतेत का माय, येवढ्यात?" म्हटलं, "नाही आजी, दुसऱ्याचं दुखणं आहे."

रास्नेचं फूल लहान, हिरवट पिवळं, वर तपकिरी रेषा, कडा वळलेल्या. पाकळी उलटी केली की मागून पांढरी शुभ्र. वास गोड. निळीचं फूल मोठं, पसरट, वर गडद निळ्या चौकटी. पण मागून पांढरं नाही, आणि वास जवळजवळ नाहीच. आता आपलं फूल. चौकटी दोघींतही असतात, म्हणून सरांनी चौकटी पुराव्यातून काढूनच टाकल्या. मला वाईट वाटलं. मला तर त्याच सगळ्यात पटल्या होत्या. मग सर म्हणाले, "उलटं कर." मागची बाजू पांढरी होती. वास होता, पण मंद. आकार दोघांच्या मधला. खालच्या ओठाची पाकळी मी चिरून सुईने पसरली. तिची ठेवण ना धड रास्नेची, ना धड निळीची. पानांची टोकंही तशीच. सर म्हणाले, "एक गोष्ट आईची आणि एक बापाची, असं नाही बघ. जिथे बघावं तिथे दोघं आहेत." तरी त्यांनी थांबायला सांगितलं. पुन्हा कधी फुलतं ते बघू. एकदा फुलणं चुकून होऊ शकतं. उन्हाळा गेला, जांब समर्थची रास्ना फुलून गेली, बाभळीवरची नाही फुलली. गेल्या वर्षी दसऱ्याला ती पुन्हा फुलली. बापाच्या महिन्यात.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं: रास्ना, मध्ये फुली, पुढे निळी व्हँडा. संकराचं नाव लिहिताना आईचं नाव आधी लिहायचं असतं. माणसांत आपण ते कधी लिहीत नाही. सरांनी खडू ठेवला आणि म्हणाले, "आता जाऊ."

यावेळी सर केदारखेड्याला उतरून पुढच्या गाडीत बसले.

बापूंच्या अंगणात सर खाटेवर बसले, मी पायरीवर. सरांनी सगळं सांगितलं. म्हणाले, डबा मी दिला. गारव्याला ठेव असं मी सांगितलं. तिने सगळ्या गावात गार जागा शोधली, ती विहिरीतली देवळी होती. आणि हे कुणालाही न सांगता मी सहा वर्षं गप्प बसलो. त्यांनी हात जोडले. बापूंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "देवळी खोल हाय. पोर कशी पोचल तिथवर डबा घेऊन?"

मी म्हटलं, "बापू, मी उतरून बघू का?"

त्यांनी काकींकडे बघितलं. का ते मला कळलं. आमच्या वाड्यातलं कुणी त्या विहिरीत कधी उतरलं नव्हतं. माझ्या आजीला त्या विहिरीचं पाणी वरून ओंजळीत वाढत असत. चांगुणाकाकी दारात उभ्या होत्या. बापू उठले, दोरी घेतली आणि म्हणाले, "चल. कमरंला बांध."

भिंतीत उतरायला दगड बसवलेले आहेत. मी एकेक दगड धरून उतरले. देवळी गाळ काढताना खरवडून गेली होती, तिच्यात काही नव्हतं. पण आत हात घातला आणि गार ओल लागली, ऐन दुपारी. मग पाय बदलताना देवळीच्या खालचा दगड माझ्या पायाखाली फिरला. पूर्ण फिरला. दोरी नसती तर आज तुमच्यासमोर दुसरं कुणी बोलत असतं. मी वर ओरडले, "बापू, देवळीखालचा दगड डुलतोय!"

मग दोरी हळूहळू वर ओढली जाऊ लागली.

वर आले तेव्हा बापू जमिनीवर बसले होते. म्हणाले, "मंग पोरगी झाडाकडं गेल्ती."

"हो बापू."

"जीव द्यायला न्हाई."

"नाही बापू."

हेच सांगायला सहा वर्षं लागली. बापूंना थोडं बरं वाटेल असं मला वाटलं होतं. मी शिकलेली असले तरी कधीकधी फार मूर्खासारखा विचार करते. चांगुणाकाकी तिथवर चालत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या साली तुळशीला पानी घातलं म्हून मी तिच्या हातातून तांब्या हिसकला व्हता. मानसाला न्हाई अन् झाडाला घालून राह्यली का म्हनलं. घरी आनला आसता डबा तं मी पानी दिलं नसतं. म्हून तिनं तिकडं नेला." त्या रडल्या नाहीत. सरांकडे वळून म्हणाल्या, "तुमी तव्हा आला आसता तं मला तव्हाच कळलं आसतं."

निघताना सर म्हणाले, या संकराला शिवकन्येचं नाव देता येतं, परदेशात अशा फुलांची नोंद होते, तिचं नाव कायमचं राहील. बापू म्हणाले, "नाव ऱ्हाऊ द्या, सर. फुलाला नाव देऊन काय करता? मानसांना सांगा. जेवढ्या जनांनी ते सांगितलं, तेवढ्या जनांना हे सांगा."

म्हणून सरांनी आजचा दिवस निवडला. अध्यक्ष महाराज, एरवी या सभागृहात भोकरदन, अंबड, परतूर, सगळ्या बाजूंची माणसं एका वेळी कुठे जमतात?

माझं बोलणं लांबलं. आज सरांना निरोप देताना आमच्या विभागाच्या वतीने मी त्यांचे आभार मानते. त्यांनी आम्हाला खरं बघायला शिकवलं. आणि जे खरं त्यांनी स्वतः बघूनही झाकून ठेवलं होतं, ते आज भरसभेत माझ्या तोंडून उघडं करवलं. हे सोपं नव्हतं. उशीर झाला, हे त्यांनाच सगळ्यात जास्त माहीत आहे. शरयूकाकूंचे आभार. रखमाजीकाकांचे आभार, त्यांना आज यायला लाज वाटली. माझ्या वडिलांचे आभार, ते बाहेर फाटकापाशी उभे असतील. बापू, काकी, तुम्ही आलात. त्याला आभार हा शब्द पुरत नाही.

बोलण्याच्या ओघात व्यासपीठावरच्या कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द जास्त झाला असेल, तर तो माझ्या पदरात टाकावा आणि मोठ्या मनाने विसरून जावा. पण शिवकन्येबद्दल मी जे सांगितलं त्यात कमी-जास्त काही नाही. तेवढं मात्र विसरू नका. ते जसंच्या तसं, घरी गेल्यावर, गावात गेल्यावर, ओट्यावर बसल्यावर, पुढे सांगा.